कपाळावरची आठी आणि सुईचे टोक

‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असे आपल्याकडे वडीलधारी माणसे मोठ्या अभिमानाने सांगतात. पिकलेले केस आणि सुरकुतलेला चेहरा म्हणजे अनुभवाची कमाई, असे मानणाऱ्या आपल्याच भाषेत ‘सुरकुत्या घालवा’ अशा जाहिराती आता वाचायला मिळतात. मी कला शाखेची विद्यार्थिनी. इंजेक्शनासारख्या विषयावर मी लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे बँकेचे पत्र असो की औषधाची चिठ्ठी, घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो. हा विषयही तसाच आला.

आमच्या पाम गावातून तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. माझी मावशी त्यांपैकीच एक. वय ४४, पॅकिंगमधले कंत्राटी काम. नव्या यादीत तरुण चेहरे आधी घेतात, अशी तिची धास्ती. बोईसरच्या एका पार्लरमध्ये स्वस्तात इंजेक्शन मिळते, असे तिला कोणीतरी सांगितले. भिशीचे पैसे नुकतेच हाती आले होते. माझ्यापुढे जाहिरातीचा कागद टाकून ती म्हणाली, “अगं, तू कॉलेजात जातेस ना? मग हे वाच आणि सांग, टोचून घेऊ का?”

मला उत्तर येत नव्हते. म्हणून वाचायला बसले.

या इंजेक्शनातले औषध म्हणजे मुळात एक जहाल विष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत खराब झालेल्या मांसाच्या सॉसेजमधून विषबाधा होत असे. युस्टिनस केर्नर या वैद्याने तिची लक्षणे बारकाईने नोंदवली. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणतात. त्यावरून रोगाला ‘बोट्युलिझम’ हे नाव पडले. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात खारवलेले मांस खाऊन माणसे दगावली, तेव्हा व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्यामागचा जिवाणू शोधून काढला.

हे विष करते काय? स्नायूने आकुंचन पावावे, हा निरोप नसेकडून ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत जातो. विष हे रसायन नसेच्या टोकातून बाहेरच पडू देत नाही. पोस्टमन कचेरीबाहेर पडलाच नाही, तर पत्र पोहोचणार कसे? स्नायू सैल पडतो. पोटातून अंगभर भिनले तर श्वास थांबवणारे हेच विष अत्यल्प मात्रेत एखाद्याच स्नायूत टोचले तर औषध ठरते. अमेरिकेत १९८९ साली त्याला तिरळेपणा आणि पापण्यांचे आचके यांसाठी मान्यता मिळाली. कॅनडातील कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या ध्यानात आले, की पापण्यांसाठी टोचलेल्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही मावळतात. २००२ साली अमेरिकेत त्या उपयोगालाही मान्यता मिळाली. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा खर्च!

दुसरा प्रकार ‘फिलर’चा. यात बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचा जेल त्वचेखाली भरून खळगा उचलला जातो. तो चुकून रक्तवाहिनीत गेला, तर तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा मरू शकते; क्वचित दृष्टीही जाते. टोचताच कातडी पांढरी पडली, असह्य दुखू लागले किंवा दिसेनासे झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता उपचार हवेत. हा जेल विरघळवणारे औषध असते. ते डॉक्टरच्या हाताशी हवे.

योग्य हातांत बोट्युलिनमचे सामान्य त्रास किरकोळ असतात: सुई टोचल्याचा काळानिळा डाग, डोकेदुखी, कधी काही आठवडे ओघळलेली पापणी. पण गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि मायस्थेनियासारखा स्नायूंचा विकार असणाऱ्यांनी यापासून दूर राहावे. गिळायला, बोलायला वा श्वास घ्यायला त्रास झाला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे. ही लक्षणे काही तासांनी, तर कधी काही आठवड्यांनीही दिसतात.

खरा धोका आहे तो बाटलीत आणि हातात. २००४ साली फ्लोरिडात माणसांसाठी मान्यता नसलेले विष टोचल्याने चौघांना बोट्युलिझम झाला. त्यांत टोचणारा डॉक्टर स्वतःही होता आणि त्याचा परवाना आधीच स्थगित झालेला होता! २०२४ साली अमेरिकेत बनावट किंवा अयोग्य हातांनी दिलेल्या इंजेक्शनांनी ११ राज्यांतील २२ स्त्रिया आजारी पडल्या. आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार नोंदणीवाचून वैद्यकी करणे गुन्हा आहे. पार्लरचे प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीची नोंदणी नव्हे.

एवढे वाचून मी मावशीला तीनच प्रश्न लिहून दिले. टोचणाऱ्याचे नाव आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? बाटली माझ्यासमोर उघडाल का, म्हणजे तिच्यावरचे नाव, बॅच आणि मुदत वाचता येईल? ती थंड, २ ते ८ अंशांत ठेवली होती का?

आम्ही दोघी गेलो. “डॉक्टर रविवारी मुंबईहून येतात,” एवढेच उत्तर मिळाले. नाव कळले नाही. औषध आतूनच सुईत भरून आणतात, असे समजले. मावशी उठली. जिना उतरताना म्हणाली, “बांगडासुद्धा मी कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. आणि हे तर तोंडात टोचायचं!”

मी चार दिवस वाचून जे शिकले, ते तिला बाजाराने केव्हाच शिकवले होते. माझे वाचन तिला फक्त प्रश्न पुरवू शकले. शिक्षणाचा घराला एवढा उपयोग झाला, तरी ते वाया गेले असे मला वाटत नाही.

भिशीच्या पैशांतून मावशीने जवळचा चष्मा केला. बारीक अक्षरांची लेबले वाचताना कपाळाला पडणारी आठी आता पुष्कळ कमी झाली आहे. उरलेल्या सुरकुत्या आहेत तशाच आहेत. कंत्राटाची यादी अजून लागायची आहे, आणि ती धास्ती घालवणारी सुई कोणाकडेच नाही.

— द्वितीय वर्ष, कला