जपानी तान्सू : पेढीवरून दिवाणखान्यात

जपानी लोक तान्सू, म्हणजे खणांची लाकडी पेटी, मोजताना ‘एक साओ, दोन साओ’ असे म्हणतात. साओ म्हणजे दांडा. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी कड्या वर उचलून त्यांतून दांडा ओवावा आणि दोघांनी ती खांद्यावर घ्यावी, अशी जुनी रीत होती. घरे लाकडाची असल्याने आगीचे भय नित्याचे. चीजवस्तू त्वरित बाहेर निघणे अगत्याचे होते. काही पेट्यांना तर चाकेही लावीत. १६५७ साली एदो नगर (आजचे टोकियो) आगीत भस्मसात झाले, तेव्हा रस्त्यांत अडकलेल्या या चाकांच्या पेट्यांनीच लोकांची वाट रोखली. पुढे १६८३ मध्ये मोठ्या शहरांत त्यांवर बंदी आली.

व्यापारी कुटुंबांना विशेष जवळची वाटेल ती ‘चोबा-दान्सू’, अर्थात पेढीवरची पेटी. तीत हिशेबाच्या वह्या, शिक्के, लेखणी व रोकड राही. ती गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडे, म्हणून दर्शनी बाजूस उत्तम लाकूड व नक्षीदार लोखंडी पट्ट्या असत. मागील फळ्या मात्र साध्या. यात लबाडी नव्हती, काटकसर होती. ओसाका ते होक्काइदो या सागरी मार्गावरील व्यापारी ‘फुना-दान्सू’ ही लहान, भक्कम पेटी जहाजावर नेत. बाहेरून कठीण केयाकी, आतून हलके किरी लाकूड आणि खणांमागे चोरकप्पे! जहाज बुडाले तरी ही पेटी तरंगत राही, असे सांगतात.

किरी लाकूड दमट हवेत किंचित फुगते व सांधे घट्ट मिटतात, त्यामुळे आतील रेशमी वस्त्रे सुरक्षित राहतात. या लाकडाचे कपड्यांचे तान्सू पिढ्यान्‌पिढ्या वापरून काळवंडले की कारागीर वरचा पातळ थर रंध्याने काढून त्यांना पुन्हा नवे रूप देतात.

परंतु हाच उपाय उरुशी लाखेचा लेप दिलेल्या पेट्यांवर करणे म्हणजे त्यांचे मोलच घालविणे होय. दिवाणखान्यात शोभावी म्हणून जुनी लाख खरवडून चकचकीत पॉलिश करणे, लोखंडावरील काळी झाक घासून काढणे, अथवा दूरदर्शन संचाच्या तारांसाठी मागील फळीस भोके पाडणे, हे प्रकार सर्रास चालतात. शंभर वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारी निकामी होते. वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा थेट लागल्यासही फळ्या आकसून तडकतात. ऊन व यंत्र दोन्हींपासून पेटी दूर ठेवावी.

बाजारात आढळणारे बहुतेक जुने तान्सू मेइजी काळातील (१८६८ ते १९१२) असतात. घेण्यापूर्वी खण पूर्ण बाहेर काढून पाहावा : लोखंडी पट्टीच्या कडेने जुन्या खिळ्यांची रिकामी भोके दिसली, तर पट्टी नंतर बदलली आहे असे समजावे. उत्तम किरी पेटीत एक खण आत लोटला की कोंडलेल्या हवेने दुसरा आपोआप पुढे सरकतो.