नाव नाही विचारले, तरी संमती हवीच

दुपारी दारात दोन मुली येतात, हातात टॅब. "काकी, नाव लिहीत नाही, दहाच मिनिटे." नालासोपाऱ्याच्या चाळीत आपण लगेच उत्तरे देऊ लागतो. नाव नाही, मग धोका कसला?

पण वय, जात, घरधन्याचे काम, गल्ली आणि मुलांची संख्या एकत्र आली, की छोट्या वस्तीत माणूस कोण हे सहज कळते.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्य-संशोधन आधी एथिक्स कमिटीपुढे जावे लागते. धोका अगदीच नगण्य आणि माणूस ओळखू येत नसेल, तर कमिटी तपासणीतून सूट देते. सूट कमिटीने द्यायची. संशोधकाने स्वतःच घ्यायची नाही. संमती माफ करायची का, तेही कमिटीच ठरवते.

एचआयव्हीचा कायदाही २०१७ चाच. निनावी पाहणीसाठी रक्त तपासताना त्यात संमतीची अट नाही, पण पाहणीचा उद्देश लोकांना सांगावाच लागतो. मग प्रश्नावली घेऊन येणाऱ्याने गप्प का राहावे?

तेव्हा विचारा: कोणती संस्था, कशासाठी, माहिती कुठे राहणार, कमिटीचे पत्र आहे का? सही मागितली नाही म्हणून बिचकू नका. सहीनेच नाव उघड होते, म्हणून तोंडी संमती चालू शकते. नको तो प्रश्न सोडा, वाटल्यास मध्येच थांबा. मात्र निनावी उत्तरे एकदा ढिगात मिसळली, की आपली कोणती ते शोधून परत घेता येत नाहीत. नाही म्हणायचे तर त्याआधीच.