तेरा गोल, चार गोल आणि बरेच गैरसमज

फुटबॉलचा विश्वचषक आला की सोलापुरातही रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बैठका बसतात. सामना संपला तरी वाद संपत नाही, आणि तो हटकून जुन्या विक्रमांवर घसरतो. क्रिकेटचा विषय असता तर या गावात कुणी कुणाची थाप खपवून घेतली नसती. पॉली उम्रीगर १९२६ साली इथंच जन्मले. ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतकं हे त्यांचे आकडे ते निवृत्त झाले तेव्हा भारतात सगळ्यांत मोठे होते. आज क्रिकेट मंडळ वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला त्यांच्याच नावाचं बक्षीस देतं. फुटबॉलचं मात्र सगळं ऐकीव माहितीवर चालतं. त्या ऐकीव माहितीतल्या काही गोष्टी एका फ्रेंच सेंटर फॉरवर्डबद्दल आहेत, काही आपल्याकडच्या एकाबद्दल. पहिला ज्यूस्त फोंतेन, दुसरा नेविल डिसूझा. दोघं एकमेकांविरुद्ध कधी खेळले नाहीत, पण एक युगोस्लाव्ह खेळाडू दोघांनाही भिडला होता. त्याच्याकडे ओघानं येऊच.

‘फोंतेनचा विक्रम एम्बापेनं कधीच मोडला’

नाही. इथं तीन वेगवेगळे विक्रम एकाच पोत्यात भरले जातात. फोंतेनचा विक्रम एकाच विश्वचषकातल्या गोलांचा आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये त्यानं ६ सामन्यांत १३ गोल केले. एम्बापेनं २०२२ मध्ये कतारला ८ केले. तोवर त्याचे विश्वचषकातले एकूण गोल १२ झाले होते, पण ते दोन स्पर्धा मिळून. सगळ्या विश्वचषकांची बेरीज करायची तर जर्मनीच्या क्लोजेचे १६ आहेत, आणि त्याला त्यासाठी चार स्पर्धा लागल्या. तिसरा विक्रम फ्रान्ससाठी केलेल्या एकूण गोलांचा. थिएरी हेन्रीचे ५१ गोल ऑलिव्हिए जिरूनं कतारमध्येच मागे टाकले आणि तो ५७ वर थांबला. फोंतेन या यादीत बराच खाली आहे, कारण त्याचे गोल अवघे ३०. पण हे ३० गोल फक्त २१ सामन्यांतले. जिरू १३७ सामने खेळला. यादी बघताना शेजारचा रकाना बघायला नको का?

‘त्या काळी बचावच नव्हता, कुणीही दहा-बारा गोल मारायचा’

गोल तेव्हा जास्त व्हायचे, हे खरं. पण ‘कुणीही’ म्हणजे कोण? हंगेरीच्या कोचिशनं १९५४ मध्ये ११ आणि जर्मनीच्या म्युलरनं १९७० मध्ये १० गोल केले. फोंतेनच्या जवळपास पोचलेले एवढेच. त्याचे १३ गोल दुबळ्यांना धुऊन झालेले नाहीत. पॅराग्वेविरुद्ध ३, युगोस्लाव्हियाविरुद्ध २, स्कॉटलंडविरुद्ध १, उत्तर आयर्लंडविरुद्ध २, उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध १ आणि तिसऱ्या क्रमांकासाठी पश्चिम जर्मनीविरुद्ध ४. म्हणजे सहाही सामन्यांत त्याचा गोल आहे. त्या स्पर्धेत ब्राझीलवर झालेला पहिला गोल त्याचाच, आणि पश्चिम जर्मनी तर आधीच्या स्पर्धेतली विजेती होती. तेरापैकी एकही गोल पेनल्टीवर नाही. जर्मनीविरुद्ध पेनल्टी मिळाली ती रेमंड कोपानं मारली. फोंतेनला चेंडू पुरवणाराही मुख्यतः कोपाच, आणि त्या वर्षीचा युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तोही कोपाला.

फोंतेन स्पर्धेला मोठा तारा म्हणून गेला, ही आणखी एक समजूत. संघात पहिली पसंती त्याच्याच क्लबच्या रने ब्लियारला होती. तो जायबंदी झाला म्हणून याला जागा मिळाली. स्वीडनमध्ये सरावात याचे बूट फाटले. तेव्हा आजच्यासारखे कंपन्यांचे खोकेच्या खोके येत नसत. राखीव खेळाडू स्तेफान ब्रुएचं माप जुळलं, आणि आजवर न तुटलेल्या त्या तेरा गोलांच्या वेळी फोंतेनच्या पायात होते ते ब्रुएकडून मागून घेतलेले बूट. सोनेरी बूट वगैरे देण्याची प्रथा तेव्हा नव्हती. तिथल्या एका वर्तमानपत्रानं त्याला बक्षीस म्हणून एअर रायफल दिली.

पुढे १९६० आणि १९६१ मध्ये लागोपाठ पाय मोडला आणि १९६२ मध्ये, २८ व्या वर्षी, खेळ संपला. त्याच काळात खेळाडूंची संघटना उभारण्यात तो पुढे होता. क्लब खेळाडूला मालमत्तेसारखं वागवत तेव्हाची ही गोष्ट आहे. माझ्या मते तेरा गोलांपेक्षा हे काम जास्त टिकलं, पण त्याची चर्चा कोण करणार!

‘आपली पोरं अनवाणी खेळायची, म्हणून फिफानं विश्वचषकातून काढलं’

बुटांचा विषय निघालाच आहे, तर भारतीय फुटबॉलमधली ही सगळ्यांत लाडकी दंतकथा बघू. तिच्यात तथ्याचा अंश आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक भारतीय खेळाडू बुटांशिवाय उतरले आणि फ्रान्सविरुद्ध १-२ नं हरले. दोन पेनल्टी वाया घालवल्या नसत्या तर निकाल वेगळा लागला असता. १९५० च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती आणि भारत गेला नाही, हेही खरं. पण काढलं कुणी नाही, आपणच माघार घेतली. आपल्या फुटबॉल महासंघाच्या लेखी तेव्हा ऑलिंपिक मोठं होतं, विश्वचषक नव्हे. अनवाणी पायांचं कारण लोकांना आवडलं, कारण त्यात आपली गरिबी दिसते आणि दोष परक्यावर जातो.

अनवाणी खेळण्याची खरी किंमत १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मोजावी लागली. थंडीत, बूट न घालता भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. परत आल्यावर महासंघानं बूट सक्तीचे केले. चारच वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकला जो भारतीय संघ खेळला तो बूट घालून, हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेला, बद्रू बॅनर्जींच्या कप्तानीखालचा होता. भारतीय फुटबॉलची सर्वोच्च कामगिरी म्हणून आपण जी सांगतो, ती या बूटवाल्या संघाची.

‘१९५६ चा चौथा क्रमांक नशिबानं मिळाला’

या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. हंगेरीत त्या शरद ऋतूत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीच्या फुटबॉल संघानं नाव मागे घेतलं. त्यामुळे भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोचला. सोळापैकी अकराच संघ प्रत्यक्ष उतरले. व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये मज्जाव होता, म्हणून पश्चिम युरोपातले मोठे खेळाडूही नव्हते. हे सगळं मान्य.

पण न खेळता उपांत्य फेरी मिळत नाही. १ डिसेंबर १९५६ ला यजमान ऑस्ट्रेलिया समोर होता. नवव्या मिनिटाला नेविलचा गोल, त्यांची बरोबरी. तेहतिसाव्याला नेविलचा दुसरा, पुन्हा बरोबरी. विश्रांतीनंतर पन्नासाव्या मिनिटाला नेविलचा तिसरा. शेवटी कृष्णस्वामीनं चौथा घातला आणि सामना ४-२ असा संपला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेविल हा पहिला आशियाई. हा योगायोग होता असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं बघावं: स्पर्धा आटोपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीत मैत्रीपूर्ण सामना झाला आणि भारतानं ऑस्ट्रेलियाला ७-१ असं हरवलं.

उपांत्य सामन्यात गाठ पुन्हा युगोस्लाव्हियाशी पडली. १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिकचं रौप्य त्यांच्याकडे होतं, आणि १९५६ चंही तेच घेऊन जाणार होते. पूर्वार्धात गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेविलनं भारताला आघाडी मिळवून दिली. ती दोनच मिनिटं टिकली. मग त्यांनी चार चढवले, त्यातला एक आपल्याच खेळाडूच्या पायाचा. १-४. चार वर्षांपूर्वी हाच आकडा १-१० होता. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० नं हरवलं.

‘त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल नेविलचेच’

सर्वाधिक खरे, पण एकट्याचे नाहीत. ४ गोल त्याचे, ४ बल्गेरियाच्या मिलानोवचे आणि ४ युगोस्लाव्हियाच्या तोदोर वेसेलिनोविचचे. सुरुवातीला म्हटलेला युगोस्लाव्ह तो हाच. भारताविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यानंही एक गोल केला होता. दीड वर्षानं, जून १९५८ मध्ये, तो स्वीडनमध्ये फ्रान्ससमोर उभा राहिला. फोंतेननं दोन गोल केले, वेसेलिनोविचनंही दोन, आणि त्याचा दुसरा अगदी शेवटी पडला म्हणून फ्रान्स २-३ नं हरलं. त्या सामन्यात जो फोंतेनला पुरून उरला, त्याच्या बरोबरीनं मेलबर्नच्या यादीत आपल्या नेविलचं नाव आहे. ‘हौशी लोकांची स्पर्धा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगावं.

‘नेविल गोव्याकडून खेळून भारतीय संघात आला’

जन्म १९३२ चा, बार्देशातल्या आसगावचा, हे बरोबर. पण १९५६ साली गोवा भारतात नव्हताच. पोर्तुगीज गेले ते डिसेंबर १९६१ मध्ये. नेविलचं फुटबॉल मुंबईचं. तो टाटांच्या संघाचा खेळाडू. कामधंद्यासाठी मुंबईला आलेल्या गोवेकरांनी गावोगावच्या कुडी, म्हणजे गाववाल्यांची एकत्र राहण्याची ठिकाणं, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल संघ इथं उभे केले होते, आणि मुंबईच्या स्थानिक स्पर्धांत त्यांची चलती होती. जन्म एका वसाहतीतला आणि कारकीर्द दुसरीकडची, यात नेविल एकटा नाही. फोंतेनही मोरोक्कोत, मराकेशला जन्मला. आई स्पॅनिश, वडील नॉर्मंडीचे, पहिला मोठा क्लब कासाब्लांकाचा. मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो फ्रान्सच्या लीगमध्ये नाव कमावून होता.

नेविल १९८० मध्ये गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. फोंतेन २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी तेरा गोलांची उजळणी केली.

‘मेलबर्ननंतर भारतीय फुटबॉल संपलं’

लगेच नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताची फ्रान्सशी पुन्हा गाठ पडली. नेविल तेव्हा संघात नव्हता. पी. के. बॅनर्जींनी भारताला आघाडी मिळवून दिली, शेवटच्या दहा मिनिटांत फ्रान्सनं बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतानं सुवर्णपदक जिंकलं, तेही रहीमसाहेबांच्याच तालमीतल्या संघानं.