बंगळुरातला 'ए' कितव्या पायरीवर?

बंगळुरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत कित्येक वर्षं 'ए' ही अव्वल श्रेणी नव्हती. तिच्या डोक्यावर 'एस' बसलेली असे. एसला ८ गुणांक, एला ७, बीला ६, सीला ५, डीला ४ आणि एफला भोपळा. शिडी आठावरच संपायची. त्यामुळे ७.१ सीजीपीए, म्हणजे गुणांकांची एकूण सरासरी, मिळवलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज कोणी दहापैकी समजून वाचला, तर चांगला हुशार पोरगाही बेतास बात दिसे. आता या संस्थेनेही दहाची पट्टी घेतली आहे, आणि तिथे ए प्लस सर्वांत वर आहे.

हाच 'ए' दुसरीकडे गेला की त्याची पायरी बदलते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली श्रेयांक पद्धतीसाठी जी शिडी सुचवली, तीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. म्हणजे इथे 'ए' तिसरा. मद्रास आयआयटीत एस १० आणि ए ९, म्हणजे दुसरा. पवईच्या आयआयटीत अक्षरं जोडीने येतात: एए म्हणजे १०, एबी ९, आणि डीडी म्हणजे ४ गुणांकांवर काठावर पास. एकटा 'ए' तिथे कुणालाच मिळत नाही!

ही अक्षरं आली कुठून? अमेरिकेतल्या येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि त्यांची लॅटिन नावांच्या चार गटांत वाटणी केली. वरच्या गटात २०, मग १६, मग १२ आणि तळाला १०. पुढे १८९७ साली माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजने शेकड्यातल्या गुणांवर अक्षरं बसवली. ९५पासून वर ए, आणि ७५च्या खाली ई म्हणजे नापास. ७५ला नापासाची रेघ! आपल्याकडे तेवढ्या गुणांवर पेढे वाटले असते. वर्षभरातच त्यांनी शिडी बदलली, ई पासाच्या बाजूला घेतला आणि नापासाला पुढचं अक्षर दिलं, एफ.

अक्षर शेवटी छापलं जातं. त्याआधीचा कारखाना पाहायचा तर अभियांत्रिकीकडे वळावं. बंगळुरातली बरीचशी अभियांत्रिकी कॉलेजं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं मुख्यालय मात्र बंगळुरात नाही, बेळगावजवळ मच्छे इथे आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी.ए. झाले आणि इंजिनिअरिंग शिकायला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या काळी वर्ग आणि क्रमांक सांगितला की भागत असे.

आज याच विद्यापीठाच्या २०२२च्या अभ्यासक्रमात थिअरीच्या विषयाचे १०० गुण दोन हातांनी दिले जातात. ५० गुण कॉलेजच्या हातात, ज्यांना पोरं नुसतं 'इंटर्नल' म्हणतात, आणि ५० विद्यापीठाच्या परीक्षेचे. ती परीक्षा होते १०० गुणांची, तीन तासांची. पाच घटक, प्रत्येकी २० गुणांचे दोन प्रश्न, त्यांतला एक सोडवायचा. मिळालेल्या गुणांचे मग निम्मे करतात. पास व्हायला इंटर्नलमध्ये ५०पैकी २०, परीक्षेत ५०पैकी १८ आणि दोन्ही मिळून ४० लागतात. १८ आणि २० यांची बेरीज ३८, हे पाहिलंत का? दोन्हीकडे काठावर पास झालेला विद्यार्थी एकुणात दोन गुणांनी घसरतो.

इंटर्नल म्हणजे शिक्षकाने सत्रभर पाहून ठरवलेलं मोल. याचा टोकाचा नमुना बंगळुरातच घडला, आणि तो एका मराठी मुलीच्या वाट्याला आला. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गा भागवतांच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या या मुलीला विज्ञान संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली, तेव्हा अटींवर घेतलं: एक वर्ष परीक्षाधीन राहायचं, आणि काम पसंत पडेपर्यंत ते अधिकृत धरलं जाणार नाही. वर्षाअखेरीला रामन यांचं समाधान झालं आणि तिला रीतसर संशोधन करता आलं. तिच्या बरोबरच्या एकाही मुलाला असलं वर्ष काढावं लागलं नव्हतं. मोजपट्टीच वेगळी लावली, तर पहिल्या क्रमांकालाही किंमत उरत नाही.

आता सीजीपीएचं गणित. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात, म्हणजे वजन. समजा, गणित ४ क्रेडिटचं आणि त्यात बी प्लस, म्हणजे ७. प्रयोगशाळा १ क्रेडिटची आणि तीत ओ, म्हणजे १०. सरळ सरासरी काढली तर साडेआठ. पण हिशेब तसा होत नाही. चार सत्ते अठ्ठावीस, अधिक दहा, झाले ३८. त्याला ५ क्रेडिटने भागलं की येतात ७.६. प्रयोगशाळेतल्या 'ओ'ने गणित झाकलं जात नाही, ते असं. शिवाय विश्वेश्वरय्या विद्यापीठात १०० गुण असोत की ९०, 'ओ'चे गुणांक दहाच. वरचे दहा गुण हवेत विरतात.

तरी घरचे विचारतातच, "टक्के किती?" अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५. सीजीपीएतून पाऊण वजा करून दहाने गुणायचं. याच हिशेबाने पैकीच्या पैकी १० मिळवणाऱ्याचे टक्के होतात साडेब्याण्णव! सीबीएसईने दहावीला श्रेणी दिल्या, तेव्हा गुणाकार साडेनवाचा होता. तिथे कमाल ९५. शंभर टक्के या दोन्ही वाटांनी कुणालाच पडू शकत नाहीत.

म्हणून मुलाचं गुणपत्रक हातात आलं की आधी श्रेणींचा तक्ता शोधा. तो बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. आणि कुठल्याही अर्जावर सीजीपीए लिहिताना तो किती पैकी आहे, तेही शेजारी लिहा.