आयात कोळसा व वीजनिर्मिती

परदेशांतून समुद्रमार्गे आणलेल्या दगडी कोळशावर चालणारी औष्णिक वीजनिर्मिती. कोळशाच्या उष्णतेने बाष्पित्रात वाफ तयार होते, तिच्या दाबाने टरबाइन फिरते व त्यास जोडलेल्या जनित्रातून वीज मिळते.

१९७३ पूर्वी कोळशाचा सागरी व्यापार मुख्यत्वे पोलाद कारखान्यांना लागणाऱ्या कोकक्षम कोळशाचा होता. त्या वर्षी खनिज तेलाचे भाव भडकल्यानंतर जपान व पश्चिम यूरोपातील वीजकेंद्रे कोळशाकडे वळली. परिणामी ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व पुढे इंडोनेशिया हे देश अशा कोळशाचे मोठे निर्यातदार बनले.

भारतात कोळशाचे साठे विपुल असून २०२४-२५ मध्ये उत्पादन १०० कोटी टनांवर गेले. तरीही त्या वर्षी २० कोटी टनांहून अधिक कोळसा आयात झाला. देशी कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे तो दूर नेताना राखेचेही भाडे भरावे लागते. म्हणून महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा ही केंद्रे विदर्भातील खाणींजवळ उभारली गेली, तर कोकण किनाऱ्यावरील जयगडचे १,२०० मेवॉ. क्षमतेचे केंद्र आयात कोळशासाठी योजले गेले.

आयात कोळशात राख कमी असली, तरी त्याचा भाव परदेशात ठरतो. गुजरातमधील मुंद्रा येथील टाटा समूहाच्या केंद्राशी २००७ मध्ये पाच राज्यांचे २५ वर्षांचे करार झाले. सरासरी दर युनिटला २·२६ रु. आणि महाराष्ट्राचा वाटा ७६० मेवॉ. होता. इंडोनेशियाने २०१० मध्ये निर्यातीचा भाव जागतिक दराशी जोडल्याने या दराचा आधारच गेला. परंतु परदेशातील अशी भाववाढ करारातील दर वाढविण्यास कारण ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी विजेची टंचाई भासताच केंद्र शासनाने विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ११ अन्वये आयात कोळशावरील केंद्रे पूर्ण क्षमतेने चालविण्याचा आदेश दिला.

पुण्याच्या परिसरात कोळशाची खाण नाही. स्वारगेट येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रो स्थानकापर्यंत जी वीज राज्याच्या पारेषण जालातून पोहोचते, तीत कोयनेची जलविद्युत् व देशी-परदेशी कोळशाची वीज एकत्र मिसळलेली असते. ती वेगळी ओळखता येत नाही. इंधनखर्चातील वाढ मात्र इंधन समायोजन आकाराच्या रूपाने वीज देयकात दिसते.