मॉरिशस : मोजलेल्या माणसांचा देश

मागं बसलेल्यांनी जरा पुढं सरकावं. नकाशा लहान आहे आणि देश त्याहून लहान आहे.

आज आपल्याला मॉरिशसबद्दल बोलायचं आहे. आधी आकाराचा अंदाज घेऊ. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. मॉरिशसची सगळी बेटं मिळून जमीन भरते साधारण २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात चार मॉरिशस बसतील आणि वर जागा उरेल. तिथली लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत जवळपास २६ लाख होती, म्हणजे दुपटीहून जास्त. तरी त्या देशाला स्वतःची संसद आहे, पंतप्रधान आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताला जेवढं, तेवढंच म्हणजे एक मत आहे.

एवढ्याशा देशाची माहिती जळगाव जामोदात बसून कशाला घ्यायची, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. आम्हाला त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. मोजणीत आलं की माणसाला जागा मिळते, आणि त्याच मोजणीत माणूस अडकूनही पडतो. या दोन्ही गोष्टी मॉरिशसनं जेवढ्या भोगल्या तेवढ्या फार थोड्या देशांनी भोगल्या असतील. जमीन, माणसं आणि राज्यकारभार, या क्रमानं आपण ते पाहू.

जमीन

आपल्या उत्तरेला सातपुडा दिसतो. त्यातला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हाचा. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की त्या वेळी भारताचा भूखंड हिंदी महासागरातल्या एका तप्त स्थानावरून सरकत होता. चुलीतला जाळ जागेवर ठेवून वरचा तवा हळूहळू ओढत न्यावा, तसं काहीसं. तवा पुढं जातो आणि जाळाचे डाग मागं उमटत राहतात. पहिला मोठा डाग म्हणजे आपलं दख्खनचं पठार. पुढं लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खालची समुद्रातली डोंगररांग. त्याच जाळानं मग ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. शेजारच्या रियुनियन बेटावर तो जाळ अजून पेटलेला आहे, तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे.

म्हणजे दगडाच्या नात्यानं मॉरिशस आपला धाकटा भाऊ लागतो. या दगडाची आपल्याकडे काळी माती झाली, तिच्यात कपाशी आली. तिथं ऊस आला. पण लागवडीआधी शेतातले धोंडे वेचावे लागले. ते वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे दिसतात. ते कुणी रचले, हे पुढं येईलच.

मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. मधोमध पठार, कडेनं तुटक डोंगर, सगळ्यांत उंच शिखर ८२८ मीटरचं. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून किनाऱ्याजवळचं पाणी संथ असतं. गोडं पाणी मात्र पावसाचं, पठारावरच्या जलाशयांत साठवलेलं. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला पाणी असून प्यायला नसणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. १९६० च्या कॅरोल वादळानं हजारो घरं पाडली, त्यानंतर तिथं सिमेंट-काँक्रीटची घरं बांधायचं प्रमाण वाढलं.

रॉड्रिग्ज हे दुसरं बेट पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर आहे, अगालेगा उत्तरेला हजारएक किलोमीटरवर. ही विखुरलेली बेटं धरून देशाच्या हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर होतो, महाराष्ट्राच्या सातपट. जमीन चिमूटभर आणि समुद्र अफाट. चागोसचं भांडण समजायला हे लक्षात ठेवा.

माणसं

या बेटावर मूळचं कुणीच नव्हतं. अरब खलाशांना ते माहीत होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण वस्ती कुणी केली नाही. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव बेटाला दिलं. १६३८ मध्ये वस्ती केली, जावाहून ऊस आणला. उडता न येणारा डोडो पक्षी त्या शतकातच संपला. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि मादागास्कर, मोझांबिक इथून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, भाषा आणि कायदे तसेच राहू दिले. तिथं आजही वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात, त्याचं मूळ इथं आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी बंद झाली. मग मळ्यांत राबणार कोण? मळेवाल्यांनी त्याची सोय आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं अशी करारावर गेली. ज्या धक्क्यावर ती उतरली, त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. १६ दगडी पायऱ्या आहेत. २००६ मध्ये युनेस्कोनं तो जागतिक वारशात घेतला.

मजूर उतरला की त्याला नंबर मिळायचा. नाव, वय, उंची, गाव, जात, अंगावरची खूण, सगळं रजिस्टरात. १८६० च्या दशकात कराराबाहेरच्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगायची सक्ती झाली. तो नसला तर अटक. एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असाही नियम होता. शेतातले ते दगडांचे ढीग गुलामांनी आणि या मजुरांनी रचले. गंमत अशी की पकडून ठेवण्यासाठी केलेली ती रजिस्टरं आज वेगळ्याच कामाला येतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती जपून ठेवली आहेत, आणि पणतू-खापरपणतू तिथं जाऊन पूर्वजांचं गाव शोधतात.

यातले मुंबई बंदरातून गेलेले पुष्कळ लोक कोकणातले, मुख्यतः रत्नागिरीकडचे होते. भोजपुरी आणि तमिळ लोकांच्या मानानं मूठभरच. तरी गणेश चतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. जाखडीचा नाच त्यांनी 'झाकरी' या नावानं टिकवला. सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि कायद्यानं स्थापन झालेली मराठी स्पीकिंग युनियन आहे.

मागच्या एका सभेत हे सांगताना एका काकांनी विचारलं होतं, "मंग थे लोकं घरी मराठीच बोलतात काय?" खरं उत्तर असं, की बहुतेक घरांत नाही. घरी-बाजारात क्रिओल चालते. गुलाम आणि फ्रेंच मालक यांच्या व्यवहारातून जन्मलेली ती भाषा आज सगळ्यांची झाली आहे. मराठी उरली आहे ती आरतीत, लग्नाच्या गाण्यात आणि शाळेच्या तासाला. वारसा म्हणून तिला मान आहे, बोलणं मात्र आटलं आहे.

राज्यकारभार

१९६७ च्या निवडणुकीत मुद्दा एकच होता, स्वातंत्र्य हवं की नको. सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्य मागणाऱ्यांच्या विरोधात गेली. बहुसंख्य हिंदू आपल्याला बुडवतील, ही अल्पसंख्याकांची भीती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल झाली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. अशा वातावरणात १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. १२ मार्च हा दांडीयात्रेचाही दिवस. १९९२ मध्ये याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला. राष्ट्रपती नामधारी, सत्ता पंतप्रधानाकडे, आपल्यासारखीच पद्धत. उभं सैन्य नाही, पोलिसच सगळं पाहतात.

निवडणुकीची रीत मात्र वेगळी आहे. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन सदस्य, आणि रॉड्रिग्जमधून दोन, असे ६२ निवडून येतात. आपल्या जिल्ह्यात २६ लाखांमागं सात आमदार. तिथं साधारण २० हजार माणसांमागं एक. आमदार बाजारात भाजी घेताना भेटतो.

६२ वर आणखी जास्तीत जास्त आठ जागा असतात. त्या मिळतात हरलेल्यांपैकी चांगली मतं घेतलेल्यांना, ज्या समाजाला कमी जागा आल्या असतील त्यातल्या उमेदवारांना. राज्यघटनेनं समाज चार धरले : हिंदू, मुस्लिम, चिनी आणि 'सर्वसाधारण लोक', म्हणजे उरलेले सगळे. आपले मराठी, तसेच तमिळ-तेलुगू, हिंदूंमध्येच धरले जातात. अर्ज भरताना उमेदवारानं आपला समाज लिहायचा.

ही सोय निव्वळ वाईट म्हणता येत नाही. १९८२, १९९५ आणि २०२४, तीनदा असं झालं की मुख्य बेटावरच्या साठही जागा एकाच आघाडीला गेल्या. अशा वेळी हरलेल्या बाजूची काही माणसं सभागृहात आली ती या दारातून. धास्तावलेल्या समाजांना विश्वास देऊनच हा देश एकत्र राहिला.

पण अडचण पाहा. समाजांची शेवटची मोजणी झाली १९७२ मध्ये. फूट वाढते म्हणून नंतर जनगणनेतून तो प्रश्नच काढून टाकला. त्यामुळं आजच्या जागा वाटल्या जातात पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर. ज्याची आई तमिळ आणि बाप क्रिओल, त्यानं काय लिहायचं? काही उमेदवारांनी लिहायला नकार दिला, त्यांचे अर्ज फेटाळले गेले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं, आणि २०१२ मध्ये समितीनं सांगितलं की ही सक्ती मनमानी आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट दिली गेली, मूळ तरतूद राहिली. कागदावर समाज लिहायला लावणारी ही सक्ती आणि मजुराच्या खिशातला तो परवाना, यांचं दूरचं नातं आम्हाला तरी दिसतं.

आता चागोस. स्वातंत्र्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटननं ही बेटं ३० लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला आणि तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना १९७३ पर्यंत हलवलं गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मॉरिशसच्या बाजूनं मत दिलं आणि मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. तळ राहील, तो ९९ वर्षांच्या भाड्यानं. लहान देशाला आमसभेतलं एक मत किती उपयोगी पडतं, याचं हे उदाहरण. पण हलवलेल्या माणसांपैकी अनेकांची तक्रार अशी आहे, की या वाटाघाटींतही आम्हाला कुणी मोजलं नाही.

आपल्या तालुक्यातलं बेट

आता आपल्याकडे या. इथून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोद, सोनबर्डी, चालठाणा या बाजूला निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा दोन-अडीच हजार माणसं बोलतात. तिच्यात कोरकूचे, मराठीचे शब्द भरपूर आहेत, पण सुमारे चौथा हिस्सा शब्द असे आहेत की त्यांचं नातं कुठल्याच ज्ञात भाषेशी लागत नाही. एफ. बी. जे. कायपर या डच अभ्यासकानं १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी तिथं जाऊन काम केलं. चहूबाजूंनी मराठी, हिंदी, कोरकू आणि मधे ही एकटी. भाषेचं बेटच म्हणा.

आपल्या जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणारे असलेली भाषा वेगळी छापली जात नाही. म्हणजे सरकारी कोष्टकात निहाली दिसत नाही. हजारो किलोमीटर दूर मूठभर मराठी माणसांच्या गणपतीला सुट्टी मिळते, कारण तिथं ती मोजली गेली. मोजणीचा जाच मॉरिशसनं दाखवला, पण मोजणीत मुळीच न येण्याचा जाच पाहायला समुद्र ओलांडायची गरज नाही. निहाली मुलाला शाळेत पहिल्या दिवशी मराठीच बोलावी लागते, आणि त्याच्या घरच्या भाषेला वर्गात नावही नसतं.

तेव्हा एक विनंती. इथं शिक्षक मंडळी बरीच आहेत. तुमच्या वर्गात निहाल मूल असेल, तर पाण्याला, भाकरीला, पावसाला घरी काय म्हणतात ते त्याला विचारा, वहीत उतरवून घ्या आणि वर्गाला मोठ्यानं ऐकू द्या. समाज कोणता, हे विचारू नका. शब्द विचारा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.