दिव्यापेक्षा चोक महाग



लागण, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा, दिव्यांचा आहे. ऊस विकास खात्याचा दिव्यांशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण हंगामात वजनकाटा, ऊसतळ आणि गव्हाण या ठिकाणी रात्रभर दिवे चालतात. गावात रस्त्याचे दिवे, दूध संस्था, सोसायटीचे गोदाम, गिरणी, दुकाने आणि आपले गोठे आहेत. बिल कोणाच्याही नावाने येवो, भरायचे शेवटी आपल्यालाच. ज्या कारखान्यात सहवीजनिर्मिती आहे, तिथे तर हंगामात आवारात वाचलेले युनिट म्हणजे विकायला मिळालेले युनिट.

मोटारीच्या विजेचा हिशेब आपण ठेवतो. दिवा लहान म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण तो रोज दहा-बारा तास जळतो आणि त्यातली बरीच वीज उजेड न देता जाते. ती कुठे जाते, ते पाहू.

चोक कशासाठी असतो?

ट्यूबमध्ये बल्बसारखी जळणारी तार नसते. आत विरळ वायू आणि किंचित पारा असतो. त्यातून एकदा वीज वाहू लागली की ती वाढतच जाते. आवरली नाही तर ट्यूब क्षणात खलास. म्हणून मध्ये चोक घालतात. बैलाला वेसण, तसा ट्यूबला चोक. सोडियमच्या आणि मर्क्युरीच्या मोठ्या दिव्यांनाही ही वेसण लागतेच.

जुना चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. हात लावला तर चटका बसतो, कान दिला तर घूंऽऽ आवाज येतो. ही ऊब आणि हा आवाज फुकट येत नाही, आपल्या मीटरवरूनच येतो.

इलेक्ट्रॉनिक चोकाचे काम निराळे. आपल्या लाइनमधली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. हा चोक तिला सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा उलटसुलट करतो. मग आवर घालायला छोटीशी गुंडाळी पुरते आणि ती फारशी तापत नाही. शिवाय या वेगाने चालणारी ट्यूब तेवढ्याच विजेत दहा टक्क्यांच्या आसपास जास्त उजेड देते. एलईडी दिव्यातही असाच इलेक्ट्रॉनिक भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एलईडी दिवा लवकर बंद पडला तर पुष्कळदा दोष या ड्रायव्हरचाच निघतो.

हिशेब काय सांगतो?

ट्यूबवर ४० वॉट लिहिलेले असते, पण तांब्याचा चोक आणखी १२ ते १४ वॉट खातो. म्हणजे एकूण ५३ वॉट धरावेत. इलेक्ट्रॉनिक चोक लावला तर जवळपास तेवढ्याच उजेडाला ३६ वॉट पुरतात. चांगली एलईडी ट्यूब सुमारे २० वॉटमध्ये काम भागवते.

रोज १० तास दिवा जळतो असे धरले, तर एका दिव्यामागे वर्षाला इलेक्ट्रॉनिक चोकाने ६२ युनिट वाचतात, एलईडीने १२०. गावात असे १०० दिवे असतील तर हाच आकडा ६,२०० आणि १२,००० युनिटांवर जातो. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करून पाहावा.

ऊसतळावरचा २५० वॉटचा सोडियम दिवा चोकासह २७५ वॉटच्या आसपास घेतो. त्या जागी १२० वॉटचा चांगला एलईडी दिवा बसवला आणि तो हंगामाचे १५० दिवस रोज १२ तास चालला, तर एका दिव्यामागे २७९ युनिट वाचतात. ५० दिव्यांचे झाले १३,९५०.

दुसरा फायदा तारेचा. कपॅसिटर नसलेली जुनी ट्यूब सुमारे ०.४३ अँपिअर ओढते. चांगल्या इलेक्ट्रॉनिक चोकाची ट्यूब ०.१७ च्या आसपास ओढते. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती साधारण सहाव्या हिश्शावर येते. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज पडले की जुनी ट्यूब नुसती लुकलुकत बसते. चांगला इलेक्ट्रॉनिक चोक कमी व्होल्टेजलाही ती पेटवतो आणि त्याला स्टार्टर लागत नाही.

फिरत्या यंत्रापाशी धोका

ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. तांब्याच्या चोकावरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, पण त्या उजेडात कडबाकुट्टीचे चाक किंवा लेथ विशिष्ट वेगात असेल तर ते सावकाश फिरतेय, नाहीतर चक्क थांबलेय, असा भास होतो. थांबले समजून हात पुढे गेला, तर बोटे गेलीच म्हणायची! इलेक्ट्रॉनिक चोकाने हा भास जवळजवळ नाहीसा होतो. काही हलके एलईडी दिवे मात्र असेच लुकलुकतात. परीक्षा सोपी आहे. अंधारात फक्त तो दिवा लावून समोर पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलींची वेगवेगळी रांग दिसली तर तो दिवा यंत्रापाशी लावू नका.

मग घ्यायचे काय?

२०२३ साली जिनिव्हा येथे मिनामाता कराराच्या बैठकीत, पारा असलेल्या फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरले. भारत या करारात आहे. तेव्हा आमचे मत असे:

१. नवीन काम असेल तर थेट एलईडी घ्यावा. ट्यूबची नवी पट्टी घेऊ नये.

२. पट्ट्या चांगल्या आहेत, ट्यूबही शिल्लक आहेत, तिथे जळालेल्या तांब्याच्या चोकाच्या जागी इलेक्ट्रॉनिक चोक बसवावा.

३. सुरुवात रात्रभर जळणाऱ्या दिव्यांपासून करावी. देवघरातला किंवा माळ्यावरचा दिवा अर्धा तास चालतो. तो बदलून काय वाचणार?

४. हुमणीच्या प्रकाश सापळ्यात साधा पांढरा एलईडी लावू नये. कीटकांना ओढणारे अतिनील किरण त्यात जवळपास नसतात.

बसवताना

इलेक्ट्रॉनिक माल नाजूक असतो. न्यूट्रल तुटून दोन फेजचा दाब आला किंवा जवळ वीज पडली, की तो जातो. म्हणून रस्त्याच्या आणि ऊसतळाच्या दिव्यांच्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर व योग्य फ्यूज असावा आणि अर्थिंग पक्के असावे. बाहेर लावायची पेटी धूळ-पाणी न शिरणारी, आयपी ६५ दर्जाची घ्यावी. बगॅसचा भुसा कुठेही शिरतो. भट्टीच्या किंवा तापलेल्या पत्र्याच्या अगदी जवळ चोक वा ड्रायव्हर ठेवू नये. उष्णतेने आतले कपॅसिटर सुकतात.

खरेदी करताना आयएसआय खूण, वॉट, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर आणि लेखी हमी, एवढे पाहावे. नुसत्या किमतीवर जाऊ नये. हलका चोक सहा महिन्यांत गेला तर वाचवलेले पैसे त्यातच बुडाले.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब लावायची तर चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावे लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आणि जुन्या ट्यूब उकिरड्यावर फोडू नका. त्यातला पारा शेणखतातून आपल्याच रानात जातो. त्या न फोडता जमा करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्याव्यात. तांब्याचे जुने चोक भंगारात चांगल्या भावाने जातात, तो पैसा नव्या दिव्यांना लावावा.

प्रत्येकाने या आठवड्यात आपल्या घरचे, गोठ्यातले आणि संस्थेतले दिवे मोजून कागदावर मांडावेत: दिवा कोणता, चोक कोणता आणि रोज किती तास जळतो. हा कागद ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या बैठकीत ठेवावा. आकडे समोर आले की निर्णय घ्यायला वेळ लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

— ऊस विकास अधिकारी